इन्व्हर्टर बसवला आणि डबा मरू लागला: एका यूएसबी ड्रायव्हरमधल्या गळतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पूर्णगड ते जैतापूर या पट्ट्यातलं एक मासेमारी बंदर. बंदराला लागून बर्फाचा कारखाना, आणि कारखान्याच्या मागे तीन खोल्यांचं शीतगृह. म्हाकूल, कोळंबी, सुरमई इथे उणे १८ अंशांवर राहते आणि मग गाडीने पुढे जाते. माल घेणाऱ्याला तापमानाची नोंद दाखवावी लागते. पूर्वी एक मुलगा दर दोन तासांनी काटा बघून वहीत लिहायचा. काही वेळा तो सकाळी बसून रात्रभराचे आकडे एकदम लिहायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून रत्नागिरीतल्या दोघा बहीणभावांनी एक यंत्र बनवून दिलं. आठ संवेदक, त्यांचे आकडे गोळा करणारा एक मायक्रोकंट्रोलर, आणि तिथून यूएसबी केबलने जोडलेला हाताच्या पंजाएवढा लिनक्स बोर्ड. खोलीमागे एक संच, असे तीन. मायक्रोकंट्रोलरच्या पेटीला तिथे सगळे ‘डबा’ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

हार्डवेअर भावाने केलं, सॉफ्टवेअर बहिणीने. बोर्डावर डब्याशी बोलणारा कर्नल ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) बसून उपकरण हाताळणारा प्रोग्रॅम, तिने स्वतः लिहिला होता. मुळात कर्नल ड्रायव्हरची गरज होती का, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला. ती थोडी घुटमळली आणि हसून म्हणाली, “काका, मला लिहून बघायचा होता.” तिला मी काय बोलणार? माझाही पहिला ड्रायव्हर असाच जन्माला आला होता.

माझा संबंध एवढाच की, ड्रायव्हरच्या कामात बरीच वर्षं गेली आणि आता गावी असतो. जागा आणि माणसं ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदलले आहेत. बिघाड मात्र जसा होता तसाच मांडला आहे.

अडचण

पहिला अख्खा पावसाळा डबे बिनतक्रार चालले. पावसात इथे लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. गणपतीच्या आधी शीतगृहाच्या मालकांनी, म्हणजे तात्यांनी, बोर्डांसाठी एक इन्व्हर्टर बसवून घेतला. सप्टेंबरच्या शेवटी पहिल्या खोलीतला बोर्ड गप झाला. बंद करून चालू केला, चालला. ऑक्टोबरमध्ये दुसरा, मग तिसरा, मग पुन्हा पहिला.

तात्यांचा निष्कर्ष सरळ होता. “इन्व्हर्टर यायच्या आधी डबा एकदा तरी मेला होता का गो बाय?” नव्हता मेला. वायरमन येऊन गेला. इन्व्हर्टरचा करंट ‘शुद्ध’ नसतो असं सांगून त्याने आणखी एक यंत्र विकायचा प्रयत्न केला. शेवटी नोव्हेंबरात तात्यांनी एका बोर्डाची पिन इन्व्हर्टरवरून काढून साध्या प्लगात खोचली, आणि तो बोर्ड मरायचा थांबला.

इथे क्षणभर थांबायला हवं. तात्यांनी केलेला प्रयोग उत्तम होता. एकच गोष्ट बदलली आणि परिणाम बदलला. चूक फक्त कारणात होती. साध्या प्लगावरचा बोर्ड दर चार-आठ दिवसांनी लाईट गेली की आपोआप बंद पडून नव्याने सुरू होत होता आणि दर वेळी कोऱ्या मेमरीने उभा राहत होता. इन्व्हर्टरने ही फुकटची सफाई बंद केली. पावसाळाभर डबे चालले ते लाईट जात होती म्हणून.

हे मला लगेच कळलं असं अजिबात नाही. मीही पहिल्या भेटीत अर्थिंगच बघत होतो.

शोध

दिशा मिळाली ती तिच्या एका तक्त्यातून. प्रत्येक मरणाआधी बोर्ड सलग किती दिवस चालू होता ते तिने लिहून ठेवलं होतं: २४, २७, २५, २६. विजेचा बिघाड असा दिवस मोजून येत नाही. दिवस मोजून येते ती गळती, म्हणजे मागून घेतलेली मेमरी परत न करणं.

मेलेल्या बोर्डाच्या नोंदींमध्ये कर्नलने मेमरी संपल्यामुळे तिचा पायथनचा नोंद करणारा प्रोग्रॅम मारल्याचं दिसलं. बिचारा प्रोग्रॅम पंधरा-वीस एमबी खात होता. पण कर्नलच्या स्वतःच्या पोटात गळती असेल, तर मारायला त्याच्या हाती वापरकर्त्याचेच प्रोग्रॅम असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. संन्यासी लटकला तरी मेमरी मोकळी होत नाही, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, आणि शेवटी बोर्ड गप.

चालू बोर्डावर प्रोक-मेमइन्फो ही मेमरीच्या हिशेबाची फाईल बघितली तर ‘एसअनरिक्लेम’ ही ओळ रोज वाढत होती, म्हणजे कर्नलने घेतलेली आणि परत मिळवता न येणारी मेमरी. कर्नल ठरावीक मापाच्या खणांतून मेमरी वाटतो, त्या खणांच्या यादीत, म्हणजे स्लॅबइन्फोमध्ये, दोन खण फुगलेले होते, ८ केबीचा आणि २५६ बाइटचा. दोन्ही सारख्याच संख्येने वाढत होते, आणि दर वेळी बरोबर आठाने.

आठाचा आकडा ऐकून तिचा चेहरा उतरला. ड्रायव्हरमध्ये वाचनासाठी आठ यूआरबी होते आणि प्रत्येकाला ८ केबीचा बफर.

ज्यांचा कर्नलशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यूएसबीवर काहीही पाठवायचं किंवा घ्यायचं झालं, तर ड्रायव्हर एक मागणीपत्र तयार करतो. त्याला यूएसबी रिक्वेस्ट ब्लॉक, म्हणजे यूआरबी म्हणतात. कोणतं उपकरण, कोणता एंडपॉइंट (उपकरणातली देवाणघेवाणीची खिडकी), बफर कुठे, किती बाइट, आणि काम झाल्यावर कोणतं फंक्शन बोलवायचं, एवढं त्यात भरायचं आणि यूएसबी कोअरच्या, म्हणजे कर्नलमधल्या यूएसबी सांभाळणाऱ्या भागाच्या, हवाली करायचं. हे पत्र स्टॅकवर किंवा दुसऱ्या स्ट्रक्चरच्या पोटात बनवायचं नसतं. ते यूएसबी_अलॉक_यूआरबी याच फंक्शनकडून मागून घ्यायचं, कारण त्याच्या आत एक मोजणी असते: आत्ता हे पत्र किती जणांच्या हातात आहे. यूआरबी स्वतः साधारण पावणेदोनशे-दोनशे बाइटचा. तिच्या ६४ बिटी एआरएम बोर्डावर १२८च्या पुढचा खण एकदम २५६चा होता, म्हणून तो तिथे जाऊन बसत होता.

मग कोड उघडला. कर्नलच्या सोर्समध्येच नमुन्यादाखल एक यूएसबी ड्रायव्हर मिळतो, त्यावरून तिने सुरुवात केली होती. ते योग्यच. नमुन्यात वाचनासाठी एकच यूआरबी आहे आणि उपकरणाचं स्ट्रक्चर मोडीत काढणाऱ्या फंक्शनमध्ये तो यूआरबी आणि त्याचा बफर सोडून देणाऱ्या ओळी आहेत. तिने एकाचे आठ केले, म्हणजे एका पत्त्याच्या (पॉइंटरच्या) जागी पत्त्यांची रांग (ॲरे) आली. त्या ओळींवर कंपायलर कुरकुरला. रात्रीचे दीड वाजले होते. तिने त्या ओळी कमेंट करून बंद केल्या आणि पुढे लिहिलं: ‘नंतर’.

पुढची ओळ स्ट्रक्चर मोकळं करणारी होती आणि ती मात्र चालू होती. म्हणजे डबा निघाला की आठही यूआरबी थांबवले जायचे, आणि त्यांचे पत्ते ज्या वहीत लिहिले होते ती वहीच फाडून टाकली जायची. आठ यूआरबी आणि आठ बफर मेमरीत तसेच पडून. दर वेळी ६४ केबी अधिक २ केबी.

पण डबा निघतो कशाला? भिंतीला लावलेला डबा, कोणी हात लावत नाही. कर्नलच्या नोंदींत मात्र त्याचा डिव्हाइस नंबर ११३ दिसत होता. यूएसबी बसवर प्रत्येक नव्या जोडणीला पुढचा नंबर मिळतो, १२७ पर्यंत जातो आणि पुन्हा खालून सुरू होतो. एकच उपकरण असलेल्या बोर्डावर ११३ म्हणजे कोणीतरी सारखं ये-जा करतंय. नोंदी मोजल्या तर दिवसाला दोनशेच्या आसपास वेळा डबा सुटून पुन्हा जोडला जात होता. मधूनमधून कर्नलने स्वतःच शंका लिहून ठेवली होती: हबने पोर्ट बंद केलं, कंसात ईएमआय, म्हणजे बाहेरचा विद्युतचुंबकीय गोंगाट, आणि प्रश्नचिन्ह.

मी घड्याळ लावून खोलीत उभा राहिलो. कंप्रेसरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे त्याचा मोठा विजेचा स्विच, ‘खट्’ करून लागला, स्क्रीनवर डिस्कनेक्टची ओळ. नऊ-दहा मिनिटांनी ‘खट्’ करून सुटला, पुन्हा ओळ. केबलची पिन काढून बघितली तर खाऱ्या हवेने तिच्या कवचावर हिरवट पूड धरलेली. कवचाचा संपर्क गेला की केबलचं आवरण नुसतं शोभेचं. दिवसाला शंभर वेळा लागणारा आणि शंभर वेळा सुटणारा कॉन्टॅक्टर, म्हणजे रोज १३ एमबी गळती. ५१२ एमबीच्या बोर्डावर मोकळी होती साडेतीनशेच्या आसपास. भागाकार करा, पंचवीस-सव्वीस दिवस.

तिच्या रत्नागिरीच्या टेबलावर डबा दिवसातून दोनदा निघायचा. तिथे ही गळती दिसायला काही वर्षं लागली असती.

समोर असलेले पर्याय

तात्यांचा पर्याय: रोज पहाटे बोर्ड बंद-चालू करायचा. मी नाक मुरडलं नाही. मासळीचा हंगाम भरात होता, आणि रोज एक मिनिटाची नोंद हुकणं हे महिन्यातून एकदा अख्खी रात्र हुकण्यापेक्षा बरं. तिन्ही बोर्डांवर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत, पहाटे ४च्या रीबूटची ओळ टाकली.

भावाचा पर्याय: केबल बदलायची, चांगल्या आवरणाची घ्यायची, गोंगाट अडवणारं फेराइटचं कडं लावायचं, कंप्रेसरच्या वायरपासून लांबून न्यायची. हे करायचंच होतं आणि केलंही. पण यामुळे गळतीचा वेग कमी होतो, भोक तसंच राहतं. समुद्र दोनशे पावलांवर असताना नवी पिनही एक दिवस हिरवी होणारच.

माझा पर्याय: कर्नल ड्रायव्हर फेकून द्यायचा. डब्याच्या फर्मवेअरने स्वतःला यूएसबीच्या प्रमाणित सीरियल वर्गातलं उपकरण म्हणून ओळख दिली, तर लिनक्सचा तयार ड्रायव्हर ते उचलतो आणि पायथनला नुसतं एक सीरियल पोर्ट दिसतं. किंवा फर्मवेअर तसंच ठेवून कर्नलबाहेरून यूएसबीशी बोलू देणारी लिबयूएसबी ही लायब्ररी वापरायची. तिथेही चुका होतात, पण प्रोग्रॅम मेला की त्याची मेमरी परत मिळते. सेकंदाला ६४ बाइट पाठवणाऱ्या उपकरणासाठी कर्नलमध्ये शिरायचं कारण नाही.

तिचा पर्याय: ड्रायव्हर नीट करायचा.

माझा पर्याय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता असं मला आजही वाटतं. पण डब्याचं फर्मवेअर बदलायला डबा उघडावा लागत होता, आणि डबे ओलाव्यासाठी सिलिकॉनने बंद केलेले. उणे १८च्या खोलीत सीलबंद डबे कापून उघडायचे तेही हंगामात, याला भावाने सरळ नकार दिला. लिबयूएसबीचा रस्ता मोकळा होता, पण मग पायथनचा अर्धा भाग नव्याने लिहायचा. ठरलं असं: आत्ता पहाटेचा रीबूट आणि नवी केबल, दरम्यान ड्रायव्हरची दुरुस्ती, आणि डब्याच्या पुढच्या आवृत्तीत सीरियल वर्ग.

पहिली दुरुस्ती

ती तिने माझ्याशिवाय, दोन दिवसांत केली. वाचनाच्या बाजूची गळती तिने बरोबर बुजवली: आठांच्या ॲरेवर फेरी मारून प्रत्येक यूआरबी थांबवायचा, बफर मोकळा करायचा, यूआरबी सोडायचा. इथे क्रम पक्का लागतो. यूएसबी_किल_यूआरबी हे फंक्शन कम्प्लीशन हँडलर, म्हणजे काम झाल्यावर बोलावलं जाणारं आपलं फंक्शन, पूर्ण होईपर्यंत थांबतं आणि मधल्या काळात कोणी तो यूआरबी पुन्हा सबमिट करू पाहिला तर नाकारतं. त्याच्या आधी बफर मोकळा केला, तर बोर्डावरचा यूएसबी होस्ट कंट्रोलर डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत, अशा जागी लिहीत राहील जी आता दुसऱ्याची आहे.

एवढ्यावर थांबली असती तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. पण हात लागलाच आहे तर सगळंच साफ करू, म्हणून ती लेखनाच्या बाजूला वळली. डब्यावर एक लाल दिवा आहे. खोलीचं दार उघडं राहिलं आणि तापमान चढलं की बोर्ड डब्याला दिवा लावायची आज्ञा पाठवतो. अशा प्रत्येक आज्ञेसाठी नवा यूआरबी मागायचा, सबमिट करायचा, आणि कम्प्लीशन हँडलरमध्ये यूएसबी_फ्री_यूआरबी बोलवायचं, असं तिने आधी लिहिलं होतं. नमुना ड्रायव्हर पुन्हा वाचताना तिला दिसलं की तिथे सबमिट केल्या केल्या पुढच्याच ओळीत यूआरबी सोडून दिलेला आहे. आपल्याकडे ही ओळ राहिली, असं समजून तिने ती घातली. हँडलरमधली तशीच राहिली.

तिन्ही बोर्डांवर एकाच संध्याकाळी नवा ड्रायव्हर चढला. हा निर्णय मला विचारला असता तर मी अडवला असता. एक बोर्ड जुन्यावर ठेवायला काय जात होतं?

तिसऱ्या रात्री दुसऱ्या खोलीचं दार माल चढवताना बराच वेळ उघडं राहिलं. दिवा लागला, विझला, लागला. नोंदींत ताकीद उमटली: रेफकाउंट अंडरफ्लो, यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे हातांची मोजणी शून्याखाली गेली आणि सोडून दिलेली मेमरी वापरली गेली. अशा चार-पाच ताकिदी, आणि मग बोर्ड जागच्या जागी कोलमडला. कंप्रेसरचं नियंत्रण वेगळं असल्यामुळे मालाला काही झालं नाही, पण नोंद गेली. सकाळी तात्यांनी जुनी वही टेबलावर काढून ठेवली, काही न बोलता.

काय चुकलं ते मी तिला कारखान्याच्या बर्फाच्या चिठ्ठीवर रेघा मारून दाखवलं. होडीवाल्याने लाद्यांचे पैसे भरले की चिठ्ठी मिळते. समजा, ती हातात घेणाऱ्या प्रत्येकाने मागे एक रेघ मारायची आणि हातातून सोडताना एक खोडायची. शेवटची रेघ खोडणाऱ्याने चिठ्ठी फाडायची. यूआरबी मागून घेतला: एक रेघ, आपली. सबमिट केला: यूएसबी कोअरने घेतला, दुसरी रेघ. सबमिटनंतर लगेच आपण सोडला: एक उरली, कोअरची. काम झालं, कोअरने आपलं हँडलर बोलावलं, त्यात आपण पुन्हा सोडला: शून्य. चिठ्ठी फाटली. पण हँडलर संपल्यावर कोअर परत त्याच चिठ्ठीकडे येतो, त्यावरच्या एक-दोन खुणा बदलतो आणि मग आपली रेघ खोडायला जातो. ती रेघ आपण आधीच खोडून बसलेलो.

बहुतेक वेळा ती जागा अजून रिकामीच असते, त्यामुळे नुसती ताकीद येऊन भागतं. एखाद्या वेळी तेवढ्यात ती दुसऱ्याला मिळालेली असते, आणि मग कोअर कोणाच्या तरी भलत्याच मेमरीत खुणा करून येतो.

“म्हणजे आधी माझं बरोबर होतं?” तिने विचारलं. होतं, जवळजवळ. हँडलरमध्ये सोडणं ही एक पद्धत, सबमिटनंतर लगेच सोडणं ही दुसरी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्ही मिळून घात. ‘फ्री’ हे नावच फसवं आहे. ते फंक्शन मोकळं करतच नाही, आपला हात काढून घेतं. त्याच फंक्शनला यूएसबी_पुट_यूआरबी असं दुसरं नावही आहे, आणि ते जास्त प्रामाणिक आहे.

‘जवळजवळ’ यासाठी की तिच्या मूळ कोडात एक बारीक भोक होतं. सबमिटच अपयशी ठरलं, म्हणजे डबा नेमका त्याच क्षणी सुटलेला असला, तर हँडलर कधी बोलावलंच जात नाही. मग तो यूआरबी कोण सोडणार? कोणीच नाही.

दुसरी दुरुस्ती

या वेळी कोड लिहायच्या आधी कागदावर दोनच प्रश्न लिहिले आणि प्रत्येक यूआरबीसाठी त्यांची उत्तरं मागितली. हा आत्ता कोणाकोणाच्या हातात आहे? आणि तो मध्येच थांबवायची वेळ आली, तर आपल्याला सापडेल का?

दुसऱ्या प्रश्नामुळे लेखनाच्या बाजूला अँकर आला. सबमिटनंतर लगेच हात काढून घेतला, तर चालू यूआरबीचा पत्ता आपल्याकडे राहत नाही. डबा निघाल्यावर कोणाला थांबवायचं? कर्नलमधला यूएसबी अँकर म्हणजे अशा चालू यूआरबींची यादी. सबमिटच्या आधी यादीत घालायचा, सबमिट फसलं तर यादीतून काढायचा, आणि दोन्ही बाबतींत पुढच्या ओळीत आपला हात काढायचा. डिस्कनेक्टमध्ये एका फटक्यात यादीतले सगळे थांबवायचे. हँडलरमध्ये यूआरबी सोडायची ओळ गेली ती कायमची. बफरसाठी यूआरबी_फ्री_बफर हा झेंडा लावला, म्हणजे यूआरबी खऱ्या अर्थाने मेला की त्याच्याबरोबर बफरही मोकळा होतो. हा झेंडा लावायचा आणि वर स्वतःही बफर मोकळा करायचा, ही पुढची नेहमीची चूक. ती आम्ही केली नाही, पण तिने लिहिली होती आणि मी खोडली.

मग ती म्हणाली, वाचनाचे यूआरबीही अँकरलाच बांधू, सगळं एकसारखं दिसेल. इथे आम्ही अर्धी दुपार घालवली. काम पूर्ण झालं की हँडलर बोलवायच्या आधीच कोअर यूआरबीला अँकरवरून काढतो. वाचनाचं हँडलर तोच यूआरबी पुन्हा सबमिट करतं. दर वेळी हँडलरमध्ये परत अँकरला बांधायची आठवण राहिली नाही, तर पहिल्याच फेरीनंतर यादी रिकामी होते आणि यूआरबी मात्र चालूच. डिस्कनेक्टमध्ये यादी थांबवली असं वाटतं, थांबतं काहीच नाही. ज्यांचे पत्ते आपल्याच ॲरेत आहेत, त्यांना दुसऱ्या यादीत कशाला घालायचं? ॲरे ठेवला आणि एकेक थांबवला. कोड थोडा बेढब दिसतो. दिसू दे.

आठाचे दोन यूआरबी केले आणि ८ केबीचा बफर ५१२ बाइटवर आणला. सेकंदाला ६४ बाइटसाठी आठ आठ केबी म्हणजे वाटीभर आमटीला चुलीवर हंडा. हे आधीच केलं असतं तर गळती चाळीसेक पटींनी मंदावून आम्हाला आणखी काही वर्षं सापडली नसती, हेही खरं.

उरलेलं काम झटपट झालं. हँडलरमध्ये झोपता येत नाही, म्हणून तिथलं सबमिट जीएफपी_ॲटॉमिकने, म्हणजे मेमरीसाठी थांबून न राहणाऱ्या मागणीनेच. प्रोबमध्ये, म्हणजे डबा जोडला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, दुसरा यूआरबी मिळाला नाही तर पहिला परत करायचा. यूएसबी_किल_यूआरबी आणि यूएसबी_फ्री_यूआरबी या दोघांनाही नल, म्हणजे रिकामा पत्ता, दिलेला चालतो, त्यामुळे सफाईचं एकच फंक्शन पुरलं, अर्धवट तयारीतही तेच आणि शेवटीही तेच. डबा निघालेला असताना पायथनने फाईल उघडी धरली असेल तर स्ट्रक्चर जिवंत ठेवायचा भाग तिने नमुन्यावरून जसाच्या तसा घेतला होता, नशीब.

तपासणी मात्र झटपट होऊ दिली नाही. पिन दोनशे वेळा कोण काढणार? सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल उपकरणांची माहिती फाईलींच्या रूपात मांडतो तिथे, प्रत्येक यूएसबी उपकरणाला ‘ऑथराइज्ड’ नावाची एक फाईल असते. तिच्यात ० लिहिलं की ड्रायव्हरला उपकरण गेल्यासारखंच वाटतं, १ लिहिलं की परत आलं. रात्रभर ही फेरी २,००० वेळा चालवली, सोबत दुसऱ्या बाजूने दिवा सतत चालू-बंद. केमेमलीक हे गळती शोधणारं साधन चालू असलेल्या कर्नलवर आधी जुना ड्रायव्हर घातला. एकदा डबा काढला, दोनदा स्कॅन केलं, तर प्रोब फंक्शनकडे बोट दाखवणाऱ्या नोंदींची रांगच आली. जी गळती शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले, ती या साधनाने वीस मिनिटांत दाखवली. ते कर्नलमध्ये २००९पासून आहे. पहिल्याच दिवशी लावलं असतं तर तात्यांचा वायरमनही वाचला असता. नवा ड्रायव्हर केमेमलीकमधून आणि नंतर केॲसानमधून (भलत्या मेमरीला हात लागला की ओरडणारं साधन) गप गेला. सोबत मेमरीची मागणी मुद्दाम फसवणारी फेलस्लॅबची सोय लावून प्रोबचे अर्धवट रस्तेही फिरून घेतले. तिथे एक चूक सापडली, ती माझ्या ओळीत होती.

परिणाम

जानेवारीच्या मध्यावर नवा ड्रायव्हर पहिल्या खोलीत गेला. फक्त पहिल्या. दहा दिवसांनी बाकीच्या दोन्हींत. त्याच वेळी तात्यांना गळ घालून सगळे बोर्ड परत इन्व्हर्टरवर घेतले. ते कठीण गेलं. “चालतंय ते कशाला ढवळता?” या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. लाईट जात राहिली तर दुरुस्ती झाली की नाही ते कळणारच नाही, हे ऐकून ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

नव्या केबलने डबा सुटण्याचं प्रमाण दिवसाला दोनशेवरून तीन-चारवर आलं. मार्चच्या सुरुवातीला तिने मुद्दाम पहिल्या खोलीत जुनी हिरवी केबल आठवडाभर लावून ठेवली. रोज दोनशे वेळा डबा सुटत होता आणि स्लॅबचे आकडे जागचे हलले नाहीत. हे तिने मला विचारून केलं नाही, आणि बरं केलं, मी नको म्हटलं असतं.

१ जूनला मासेमारीची बंदी लागायच्या आदल्या दिवशी शीतगृह रिकामं झालं आणि आम्ही बोर्ड उतरवायला गेलो. पहिल्या खोलीचा बोर्ड सलग १०९ दिवस चालू होता. दुसऱ्याचा १०४. तिसऱ्याचा एक दिवसही नाही, नुसते तेरा तास.

तिने घाईघाईने नोंदी उघडल्या. ना मेमरी संपलेली, ना कसली ताकीद. बोर्ड रोज शिस्तीत बंद होत होता आणि रोज शिस्तीत उठत होता, पहाटे ४ वाजता. क्रॉनमधली ती ओळ दोन बोर्डांवरून काढली होती. तिसऱ्यावर तिच्या पुढे कमेंटमध्ये लिहिलेलं होतं: ‘नंतर काढणे’.